भाजी थेट शेतातून पाळणाघरात, पण कायदा तर बांधावरच थांबतो

मुलुंड पूर्वेला माझी नणंद पाळणाघर चालवते. बावीस मुलं, सगळ्यात धाकटं दहा महिन्यांचं आणि सगळ्यात मोठी पहिलीतली एक दादागिरी करणारी मुलगी. दुपारचं जेवण तिथेच शिजतं. गेल्या दिवाळीनंतर एका मुलाच्या आईने सुचवलं की माझ्या मामांची मुरबाडला शेती आहे, दर गुरुवारी त्यांचा टेम्पो इकडे येतोच, तुमच्यासाठी भाजी टाकायला सांगू का, ताजी पण मिळेल आणि स्वस्तही पडेल. नणंद खूश, मुलं तर जास्तच खूश कारण पहिल्या खेपेत पेरू होते. आणि मग पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी साधासा प्रश्न टाकला, 'ह्यांच्याकडे फूड लायसन्स आहे का?'

झालं, दोन दिवस ग्रुप पेटला. एक पार्टी म्हणे मार्केटची भाजी गटाराच्या पाण्यावरची असते, ही तर आपल्या माणसाची आहे, दुसरी म्हणे काही झालं तर जबाबदार कोण, तिसऱ्याने मध्येच भाजी धुवायच्या कसल्याशा मशीनची लिंक टाकली. तिसऱ्या दिवशी नणंदेचा मला फोन, 'वहिनी, तूच काय ते लिही बाई.' मी मायक्रोबायोलॉजी करून सहा वर्षं फूड टेस्टिंग लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे जंतू हा शब्द निघाला की घरातले सगळे माझ्याकडे बघतात. तर लिहिलंय. ग्रुपवर मावेना म्हणून इथे टाकतेय, कारण हा प्रश्न फक्त आमच्या पाळणाघराचा नाहीये. २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसांना पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक झालंय, म्हणजे एकत्र जेवणारी लहान मुलं वाढतायत, आणि थेट शेतकऱ्याकडून घ्यायची हौसही वाढतेय.

लहान मुलांचंच एवढं काय? आम्ही नाही का मातीत लोळून मोठे झालो

चमचाभर मीठ बादलीत टाका आणि चमचाभर मीठ वाटीत टाका. मीठ तेवढंच, पण वाटीतलं पाणी तोंडात धरवणार नाही. बारा किलोचं मूल आणि साठ किलोची आई एकाच ताटातला तेवढाच पालक खातायत, तर त्यातल्या फवारणीच्या औषधाचा अंश मुलाला किलोमागे पाचपट पडतो. हे झालं रसायनाचं. जंतूंच्या बाबतीत अजून अवघड आहे, कारण तान्ह्यांच्या पोटातलं आम्ल मोठ्यांइतकं कडक नसतं, प्रतिकारशक्ती अजून शिकाऊ असते, आणि जुलाब लागले की अंगातलं पाणी बघता बघता उतरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ह्याचा हिशोब मांडला होता. दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी अंदाजे ६० कोटी लोक आजारी पडतात, ४ लाख २० हजार दगावतात, आणि त्यातली १ लाख २५ हजार ही पाच वर्षांखालची मुलं. लोकसंख्येत ही मुलं फक्त ९ टक्के, मृत्यूंमध्ये मात्र जवळपास ३० टक्के. मातीत लोळून मोठे झालेले आपण आहोत ते दिसतो, जे मोठे झाले नाहीत ते ग्रुपवर येऊन सांगत नाहीत.

शिवाय पाळणाघरात एकाला जुलाब म्हणजे एकालाच नसतात. तीच खेळणी, तोच टॉवेल, लंगोट बदलणारे तेच हात. शुक्रवारी एक, सोमवारी सहा.

धोका म्हणजे नेमका कसला

तीन प्रकारचा. जंतू, रसायन आणि वस्तू.

वस्तूंचं पटकन सांगते. खडा, तारेचा तुकडा, जुडीला बांधलेला रबर बँड. रबर बँड पातेल्यात जातो हो, मी बघितलाय, वरणात कोथिंबिरीसकट. मोजून काढून ठेवायचे, एवढंच. आणि द्राक्षं लहानांना अख्खी द्यायची नाहीत, उभी चिरून द्यायची, पण तो घशात अडकण्याचा विषय, वेगळा.

रसायन म्हणजे मुख्यतः फवारणीचं औषध. जंतू म्हणजे प्रामुख्याने गुरांच्या, माणसांच्या किंवा उंदरांच्या विष्ठेतून आलेले, जे पाण्यावाटे, शेणावाटे, हातावाटे पानावर बसतात. ई कोलाय, साल्मोनेला ही त्यातली नेहमीची नावं. दिसत नाहीत, वास नाही, भाजी अगदी टवटवीत असते. टवटवीत म्हणजे स्वच्छ हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की ते काढायलाच मला ग्रुपवर अर्धा दिवस लागला.

लायसन्स आहे का? नाही, आणि लागतही नाही

इथे त्या बाबांचा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून त्यांना धक्काच बसला. आपला अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्यात सरळ लिहिलंय की शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामं, शेतावरचं पीक ह्यांना हा कायदा लागू नाही. तोच पालक शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत कायद्याच्या भाषेत अन्नच नाही, दुसऱ्याच्या हातात गेला की तो अन्न होतो. ऐकायला विचित्र वाटतं पण कारण आहे, दोन एकरवाल्या माणसाला फॉर्म आणि इन्स्पेक्टरच्या चक्रात घालू नये असं ठरवूनच ते केलंय, आणि मला ते पटतं.

एरवी मधल्या साखळीत कोणीतरी व्यापारी, कोणीतरी दुकानदार असतो, तो कायद्यात बसतो. त्यात २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून काढल्या, तेव्हापासून शेतकऱ्याने थेट शहरात विकणं सोपं झालं, आठवडे बाजार सुरू झाले, छानच झालं. पण थेट घेतलं की मधलं कोणीच उरत नाही. कायदा बांधावर थांबतो आणि तिथून पुढचा पहिला माणूस म्हणजे तुमचं पाळणाघर. जेवण शिजवून देणारा कोणीही, नफ्यासाठी असो की नसो, कायद्याच्या व्याख्येत अन्न व्यवसायच धरला जातो, त्यामुळे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, चौदा आकडी नोंदणी मामांची नाही, नणंदेची बघायची. (तिची आहे. फ्रेम करून शू रॅकच्या वर लावलीय, का ते विचारू नका.)

म्हणजे जी तपासणी दुसरं कोणीतरी करत असेल असं आपण गृहीत धरतो, ती आता पाळणाघरात स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या ओट्यावर होणार.

मग मार्केटच बरं नाही का?

नाही, आणि का नाही ते सांगते. मुंबईच्या डबेवाल्यांचा डबा आठवा. झाकणावर रंगाने खुणा असतात, डबा कुठून आला, कुठल्या स्टेशनवर उतरणार, कुठल्या बिल्डिंगमध्ये, कितव्या मजल्यावर. चुकला तरी उलट्या दिशेने शोधत जाता येतं. मार्केटातली पालकाची जुडी म्हणजे खूण पुसलेला डबा. वाशीला किंवा कल्याणला दहा गावांचा माल एकत्र झाला, तिथून दादरला, तिथून गाडीवर. आजारी पडलं कोणी तर मागे जाणार कुठे? ट्रेनमधून आपण सगळ्यांनी रुळांच्या कडेचे पालक-माठाचे हिरवेगार वाफे बघितलेत, रेल्वेच्याच 'ग्रो मोअर फूड' योजनेत कर्मचाऱ्यांना ती जमीन भाजी लावायला दिली जायची, आणि तिथल्या पाण्याबद्दल मुंबईकरांना मी काय सांगू. ती भाजी कुठल्या गाडीवर गेली हे कोणी सांगू शकत नाही.

हे मागे जाता येणं किती महत्त्वाचं आहे ह्याची एक खरी गोष्ट आहे. २०११ मध्ये जर्मनीत ई कोलायची भयंकर साथ आली, ३८०० च्या वर लोक आजारी, ५० हून जास्त गेले. सुरुवातीला दोष गेला स्पेनच्या काकड्यांवर. रातोरात युरोपने स्पॅनिश भाजी घेणं बंद केलं, शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. आणि नंतर कळलं की काकडीचा काही संबंधच नव्हता, जंतू आले होते मोड आलेल्या धान्यातून, आणि धागा पोचला मेथीच्या बियांपर्यंत. मेथीच्या! ती बियाणी इजिप्तहून आलेली असावीत असा निष्कर्ष निघाला. मोड आणणारं शेत जर्मनीतलंच, लोकल, आणि वर ऑर्गॅनिक. म्हणजे लोकल, ऑर्गॅनिक, ताजं ह्या तिन्ही पाट्या होत्या आणि तरीही. आणि नीट मागे जाता येईपर्यंत भरडला कोण, तर ज्याची चूक नव्हती तो शेतकरी.

थेट घेण्याचा खरा फायदा भाजी आपोआप स्वच्छ असते हा नाहीच. मामांना फोन लावता येतो, हा आहे. पण मग फोन लावायला पाहिजे ना.

'ऑर्गॅनिक आहे हो, शेणखतच घालतात'

ह्यावर ग्रुपवर मला सगळ्यात जास्त शिव्या बसल्या, सभ्य भाषेतल्या. मला सेंद्रिय शेतीबद्दल आदर आहे. पण ऑर्गॅनिक हे उत्तर रसायनाच्या प्रश्नाचं आहे, जंतूंच्या प्रश्नाचं नाही. शेणाचं खत नीट कुजलं तर ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही, त्या उष्णतेने बहुतेक घातक जंतू मरतात. ओलं शेण, नुसतं वाळवलेलं शेण ह्यात ते होत नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत म्हणूनच एक अंतर ठरवलंय, न कुजवलेलं शेण घातलं तर जमिनीला टेकणाऱ्या भाजीची काढणी १२० दिवसांनंतरच, वर लागणाऱ्या फळभाजीची ९० दिवसांनंतर. आपला पालक महिना-सव्वा महिन्यात तयार होतो, म्हणजे हिशोब लावा.

जीवामृत ह्या पातळ सेंद्रिय खताचंही तेच. दहा किलो ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, दोनशे लीटर पाणी, आणि काही दिवस मुरवायचं. गूळ-बेसन घालतात ते जंतू वाढावेत म्हणूनच, मातीतले चांगले जंतू वाढावेत असा हेतू, पण शेणात जे काही आहे त्याला पण तोच खुराक मिळतो. मातीत घातलं तर ठीक. काही जण ते पानांवर फवारतात, आणि काल फवारलेली कोथिंबीर आज कोशिंबिरीत पडली तर ते मला चालणार नाही, मुलांच्या ताटात तर नाहीच.

आणि रासायनिक फवारणी करणाऱ्याला लगेच राक्षस ठरवू नका. प्रत्येक औषधाला प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे फवारल्यानंतर किती दिवस तोडायचं नाही ते. लेबलवर लिहिलेलं असतं, शिवाय रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. प्रतीक्षा काळ पाळणारा शेतकरी माझ्या दृष्टीने बरा, ऑर्गॅनिक म्हणून पाटी लावून ओलं शेण घालणाऱ्यापेक्षा.

पण ह्यात खेळ नको. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावात शाळेचं जेवण खाऊन २३ मुलं गेली, जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. शेतातलं औषध, स्वयंपाकघरातलं तेल, ह्या दोन गोष्टी एकाच छपराखाली कशा येतात ते ज्याने गावातलं घर बघितलंय त्याला सांगायला नको. म्हणून पुढचा भाग.

शेतकऱ्याला विचारायचं काय, आणि तो दुखावला तर?

मी मामांना स्वतः फोन केला. आधी पाऊसपाणी झालं, मग म्हटलं, मामा, पोरं लहान आहेत, दोन-चार गोष्टी विचारते, राग मानू नका. ते म्हणाले, 'विचारा ताई, व्यापारी तर फक्त भाव विचारतो.'

भाजीला पाणी कुठलं? विहिरीचं. गोठा विहिरीपासून किती लांब? ते हसले, म्हणे, लागूनच आहे की. इथे मी थांबले. पावसाळ्यात गोठ्याचं पाणी विहिरीत झिरपणारच. पण पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा निघाला, तोडल्यावर भाजी धुता का, आणि कशात? तर पालक, मुळा, मेथी मातीसाठी ओढ्यात बुचकळून काढतात. आता बघा, मुळाशी दिलेल्या पाण्यापेक्षा तोडल्यावरचं पाणी जास्त घातक ठरू शकतं, कारण ते सरळ पानावर लागतं आणि एकाच डबक्यात शंभर जुड्या बुडतात, एकीची घाण शंभरांना. अमेरिकेत कोलोरॅडोत २०११ मध्ये एका शेतातल्या खरबुजांमुळे ३३ माणसं दगावली, लिस्टेरिया नावाचा जंतू होता. तपासणीत सगळी बोटं पॅकिंगच्या शेडकडे गेली, जमिनीवर साठलेलं पाणी, साफ करता न येणारी यंत्रं, माल गार न करता रचलेला.

म्हणून मामांना म्हटलं, धुऊच नका. माती राहू दे, झटकून पाठवा, आम्ही इथे धुतो. त्यांना ते फारच आवडलं, काम कमी झालं ना. अर्थात त्यामुळे मावशी माझ्यावर चिडल्यात तो भाग वेगळा, पहिल्या गुरुवारी पालकाखाली सिंकमध्ये एवढा गाळ साठला की प्लंबर बोलवावा लागला.

मग विचारलं, भरता कशात? गोणीत. कसल्या गोणीत? क्षणभर शांतता. 'खताच्या मोकळ्या झालेल्या असतात, धुतलेल्या.' मला हे उत्तर अपेक्षितच होतं. पाळणाघराने सरळ सहा प्लास्टिकचे क्रेट विकत घेऊन दिले, गुरुवारी भरलेले येतात आणि रिकामे, धुतलेले परत जातात. सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच ठरली.

शेवटचा प्रश्न फवारणीचा. 'शेवटचं औषध कधी मारलं?' असं विचारलं की समोरचा 'आम्ही मारतच नाही' म्हणतो, कोणीही म्हणेल. त्याऐवजी विचारा, 'ह्या वेळी अळी पडली का हो? मग काय केलंत?' माणूस आपोआप सगळं सांगतो, कुठलं औषध, किती पंप, कुठल्या वारी. मामांनी सांगितलं, वांग्याला मारावंच लागतं, नाहीतर निम्मी वांगी किडतात. खरं बोलले, म्हणून माझा विश्वास बसला. ज्याच्या शेतात कधीच अळी पडत नाही असा शेतकरी मला अजून भेटायचाय.

टेम्पोतले तास

सहाला तोडलेली भाजी मुलुंडला पोचायला साडेअकरा होतात. लॅबमधल्या आदर्श परिस्थितीत ई कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे एकाचे पाच तासांत बत्तीस हजार. पानावर इतका वेग नसतो, कोरड्या अख्ख्या पानावर तर त्याचे हालच होतात, पण ओली, दबलेली, तुटकी पानं आणि वर ताडपत्रीची वाफ म्हणजे त्याला पाहुणचार. कोथिंबीर सुकू नये म्हणून वाटेत जे पाणी मारतात ते कुठलं, हा प्रश्न विचाराच. आम्ही सांगितलंय पाणी मारू नका, सुकली तर सुकली. क्रेटवर सुती कापड टाकून येतं, थोडी कोमेजलेली येते. इथे स्वच्छ पाण्यात ठेवली की अर्ध्या तासात उठून बसते.

धुतलं की झालं?

धुण्याने फरक पडतो, पण भाजी निर्जंतुक होत नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं तर दहातले नऊ, फार तर शंभरातले नव्व्याण्णव जंतू जातात. हजारो असतील तर उरलेले मोजा.

आमची पद्धत सांगते. आधी माती जाईपर्यंत दोन-तीन पाण्यातून काढायची, पालेभाजीची जुडी सोडून, पान पान सुटं करून. जे कच्चं खायचंय, म्हणजे काकडी, गाजर, टोमॅटो, कोथिंबीर, फळं, ते नंतर क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटं. एफएसएसएआय ५० पीपीएम सांगतं, पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. अन्नासाठीचं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एका लीटरला एक मिलिलीटर, बस. मग पिण्याच्या पाण्याने परत खळबळून घ्यायचं. बाथरूम धुवायचं सुगंधी ब्लीच वापरू नका, हे सांगायला लागू नये पण एका पालकाने विचारलं म्हणून सांगतेय. माती आधी काढायची कारण मातीत क्लोरीन वाया जातं, गाळ असलेल्या पाण्यात कितीही थेंब टाका. आणि 'पिण्याचं पाणी' म्हणजे नळाला येतं ते की सोसायटीच्या टाकीतलं? टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींना विचारा, आमच्या सेक्रेटरींना विचारल्यावर ते दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

मीठ-हळदीचं पाणी? आजी करायची, अळ्या बाहेर येतात, त्यासाठी छान. जंतूंवर फारसा भरवसा नको. खायचा सोडा? त्याला थोडा आधार आहे, अमेरिकेत सफरचंदांवर केलेल्या एका प्रयोगात सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं निघून गेली. सालीच्या आत मुरलेलं मात्र निघालं नाही. साबणाने धुऊ नका, फळं साबण पितात.

आणि कलिंगड, पपई, खरबूज साल काढून खायचं असलं तरी आधी बाहेरून धुवायचंच. सुरी सालीवरची घाण घेऊन गरात जाते.

'अहो, आम्ही शिजवतोच की'

सगळ्यात वाजवी आक्षेप हाच आहे, आणि बऱ्याच अंशी बरोबरही. आपलं जेवण मुळात सुरक्षित घडणीचं आहे, भाजी फोडणीत परतायची, आमटी खळखळून उकळायची, आतपर्यंत ७० अंशांच्या वर गेलं की बहुतेक जंतू संपतात. दुधी-भोपळा-फ्लॉवरबद्दल मला जंतूंची काळजी जवळपास नाहीच.

पण तीन ठिकाणी हे उत्तर पुरत नाही. एक म्हणजे जे शिजत नाही ते, कोशिंबीर, वरून पेरलेली कोथिंबीर, फळं, आणि मोड आलेले मूग. मोड आणायची ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि बी आतून दूषित असेल तर धुऊन काय होणार. उसळ करा, मुलांना कच्चे मोड देऊ नका, मेथीची गोष्ट वर सांगितलीच आहे. दुसरं म्हणजे विळी. मातीचा पालक चिरला, त्याच विळीवर नंतर काकडी, झालं, शिजवण्याचा उपयोग शून्य. आमच्याकडे आता कच्च्या खायच्या गोष्टींसाठी वेगळी सुरी आणि वेगळी, चिरायची हिरवी पाटी. तिसरं म्हणजे जी विषं उष्णतेने जात नाहीत. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, भाजून, कूट करून, चिक्की करूनही ते पूर्ण जात नाही. म्हणून ओले, काळपट, कडू दाणे दिसले तर निवडत बसायचं नाही, सगळा मालच परत पाठवायचा. भात-खिचडीचं पण बघा, बाहेर तास न् तास राहिली की एक जंतू असं विष सोडतो जे परत गरम केल्याने मरत नाही. ५ ते ६० अंश ही जंतूंची सुगीची मधली पट्टी, आणि मुंबईची दुपार बरोबर त्यातच. दोन तासांच्या आत ताटात, नाहीतर फ्रिजमध्ये.

मी ज्याला सरळ नाही म्हणते

मामांनी प्रेमाने म्हशीचं कच्चं दूध पाठवायची तयारी दाखवली, नको म्हटलं. घरी नीट उकळून प्या, पण पाच-साडेपाच तास टेम्पोत तापलेलं दूध बावीस मुलांना नाही. मध आला, तो एक वर्षाखालच्यांना चमचाभरही नाही, त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात जे तान्ह्याच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे करणारं विष बनवतात, आणि घरच्या पोळ्याचा असला तरी तेच. घुटी मधातून देणाऱ्या आज्या ह्यावरही रागावणार हे मला माहितीये.

आणि पावसाच्या तोंडाशी एक टोपली शेवळं ही रानभाजी आली. मला स्वतःला शेवळं जीव की प्राण. पण ती खाजरी असतात, काकडाची आंबट फळं घालून नीट शिजवली नाहीत तर मोठ्यांचाही घसा धरतो, आणि रानभाज्यांत ओळखण्याची चूक झाली तर सुधारायला जागा नसते. पाळणाघर ही शिकायची जागा नव्हे. ती टोपली माझ्या घरी आली. (तपासणी शुल्क समजा.)

एक वही

आता पाळणाघरात फ्रिजवर दोऱ्याने बांधलेली शंभर पानी वही आहे. तारीख, काय आलं, कोणत्या वावरातलं, कसं आलं, काय कच्चं दिलं. रोजच्या जेवणातली एक एक वाटी झाकून, तारीख लावून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवतात, कोणाला त्रास झालाच तर लॅबला द्यायला काहीतरी असावं म्हणून. मावशी म्हणतात, 'एवढं कशाला, पोलीस केस आहे का?' पण लिहितात, आणि अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे. ही वही मामांच्याही कामाची आहे, उद्या जुलाब पाण्याने झाले आणि बोट त्यांच्या काकडीकडे गेलं तर तेच म्हणतील की वही काढा, त्या दिवशी काकडी आलीच नव्हती.

लायसन्सवाले बाबा आता वही वाचायला येतात, दर शनिवारी. चुकाही काढतात.

गेल्या गुरुवारी क्रेटमध्ये पालक नव्हता. त्याच्या जागी चार जास्तीचे दुधी आणि बिडीच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेनने लिहिलेलं, 'ताई, पालकाला मंगळवारी औषध मारलंय. पुढच्या खेपेला बघू.' मावशींनी तो पुठ्ठा वहीत पिनेने लावला आणि दुधी सोलायला घेतला.